ओळ मोडलेला परवचा

ये गं, अशी जवळ ये. कागदावर का होईना, पण जवळ बस. आणि आधी मला थोडं रागावून घेऊ दे. परवा दोन दिवस राहायला म्हणून आलीस आणि दोन्ही दिवस त्या मोबाईलवर इंग्रजी शब्द सरकवत बसलीस. समोर ठेवलेला केसरीबात, आपला तुपातला शिरा, गार होऊन त्याचा दगड झाला. परदेशी जायची परीक्षा आहे, मान्य. पण मी विचारलं, "एवढ्या जड जड शब्दांचं करणार काय गं?" तर मान वर न करता म्हणालीस, "परीक्षा झाली की विसरायचे, आजी. अर्थ पाठ आहेत, तेवढं बस. तुला नाही कळायचं ते."

अय्यो! मला नाही कळायचं?

तू जे. पी. नगरला परत गेलीस आणि मी वही घेऊन बसले. मला शाळा किती ते तुला ठाऊक आहे. कानडी सातवी. पुढचं सगळं मी माझं माझं शिकले, म्हणून माझ्या लिहिण्यात चुका निघतील त्या पोटात घाल. पण पाठ केलेला अर्थ म्हणजे काय असतो आणि तो एक दिवस समोर येऊन बसला की काय होतं, हे मला जेवढं कळलंय तेवढं तुझ्या परीक्षा घेणाऱ्यांनाही कळलं नसेल. सांगते.

आमचं घर मल्लेश्वरमला. आमची माणसं महाराष्ट्रातून कधी खाली या कानडी मुलखात उतरली ते अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. चिकपेटला त्यांचं कापडाचं दुकान होतं. घरात बोलायचो मराठीच, पण अशी मराठी की पुण्याच्या माणसानं ऐकली तर मध्येच थांबवून अर्थ विचारावा. "स्वल्प सरक गं" म्हणजे थोडं सरक, "सरी, येते मी" म्हणजे बरं, येते मी, मोठ्या बहिणीला अक्का, आत्याला अत्ते. मात्र एक गोष्ट आम्ही अगदी जुन्या वळणाची धरून ठेवली होती, ती म्हणजे परवचा. दिवा लागला की घरातल्या सगळ्या पोरांनी देवापुढे बसायचं, हात जोडायचे, श्लोक म्हणायचे, मग पाढे म्हणायचे. मोठ्यानं. तुमच्या पिढीला ते नाही माहीत. पण त्या काळी आमच्यासारख्या मुलींना मोठ्यांसमोर तोंड उघडायला मिळायचं ते परवच्यातच. एरवी आवाज चढला की आमच्याकडेच राहणारी अत्ते डोळे वटारायची. परवच्यात आवाज लहान असला तर डोळे वटारायची.

त्या परवच्यात अप्पांनी इंग्रजी शब्द घातले.

दुकानात कॅन्टोन्मेंटची गिऱ्हाइकं यायची, मोठमोठे साहेब यायचे. ते एखादा जड शब्द बोलले की अप्पांना तो कळायचा नाही, नुसतं हसावं लागायचं. ते त्यांना फार लागायचं. आपल्या मुलावर तरी ही पाळी येऊ नये म्हणून त्यांनी कुठूनसा एक जुना इंग्रजी-मराठी कोश आणला, पार सालपटं निघालेला. रोज त्यातला एखादा जड शब्द निवडायचा आणि पाढ्यांनंतर म्हणून घ्यायचा. चालही पाढ्याचीच. बे एके बे म्हणतो ना, तसंच. "ॲबॅन्डन म्हणजे सोडणे, टाकणे. अबॉलिश म्हणजे मोडणे, रद्द करणे." ओळीनं. काल जिथं थांबलो तिथपर्यंत पहिल्यापासून म्हणायचं, मग आजचा नवा जोडायचा.

होतं ते सगळं माझ्या थोरल्या भावासाठी. पण तो दिवे लागायच्या वेळी मैदानावर. एक वर्ष त्याला कान धरून आणलं, मग अप्पांनी नाद सोडला. त्याचं लग्न होऊन वहिनी घरात आली तरी परवचा चालूच होता, आणि म्हणणारी उरले होते मी एकटी. कणीक मळून हात धुवायचे, देवापुढे बसायचं आणि सुरू. अप्पा दुकानातून येऊन आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. एखादा शब्द ओळीतून निसटला की डोळे न उघडताच म्हणायचे, "हूं."

आता यातली गंमत ऐक. याला इंग्रजी शिकणं म्हणतात हे ना अप्पांना वाटत होतं, ना मला. स्तोत्र पाठ असतं म्हणून कुणी संस्कृत येतं असं म्हणतं का? तसंच ते. ॲबॅन्डन म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर काय यायचं सांगू? जेवण झाल्यावर मागच्या दारी टाकलेलं केळीचं पान. टाकणे म्हणजे पान टाकणे. एवढाच माझा अर्थ.

असं करत करत आम्ही त्या कोशात आर अक्षरापर्यंत पोचलो आणि मला स्थळ आलं.

स्थळ म्हणजे, अत्तेच्या भाषेत, सोनं. मुलगा इंजिनीअर, इथल्याच एका सरकारी कारखान्यात नोकरीला, माणसं पुण्याकडची. आमच्यासारख्या कापडवाल्यांकडे अशी माणसं यायचीच नाहीत. आमची मराठी ऐकून हसणारी माणसं ती. त्यामुळे ती येणार म्हटल्यावर घर नुसतं उलटंपालटं झालं. आईनं केसरीबात आणि उप्पीट केलं. वहिनी म्हणाली, "त्यांच्याकडे पोहे लागतात म्हणे." आई म्हणाली, "इथं आलेत ना? मग इथलं खातील."

चौघं आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि मामा. बोलणारे एकटे मामाच. उंच, कोट घातलेले, खणखणीत आवाजाचे. मुलाच्या आई डोक्यावरचा पदर सारखा करत बसलेल्या. मुलगा हातरुमालाच्या घड्या घालायचा, उलगडायचा, पुन्हा घालायचा. मी खाली सतरंजीवर, मान खाली. मला त्याचा तो रुमाल तेवढा दिसत होता.

मामांनी विचारलं, "शिक्षण?"

अप्पा म्हणाले, "कानडी सातवी. पुढं नाही घातली."

"इंग्रजी?"

"नाही हो. घरकाम मात्र सगळं येतं."

अप्पा खोटं बोलले नाहीत बरं का. त्यांच्या मनानं ते शंभर टक्के खरं होतं. माझ्याही.

प्रश्न झाले. फुलं कुठली आवडतात, चालून दाखव, लोकर विणता येते का. उप्पीट झालं. मामांनी कॉफीचा पेला हातात घेऊन विचारलं, "चहा नसतो का तुमच्यात?" आणि आई आतून म्हणाली, "असतो की, आजारी माणसाला." वहिनीनं तिला आतल्या आत चिमटा काढला असणार, कारण पुढचं वाक्य आलंच नाही.

मग मुलाचे वडील म्हणाले, "पत्रिका बघूया." अप्पा उठले. आमच्याकडे एक पद्धत होती. पत्रिका आणायला म्हणून यजमानानं आत जायचं आणि जरा वेळ लावायचा. पाहुण्यांना आपसात बोलता यावं म्हणून. घरची सगळी माणसं आत जायची. मुलाच्या आईलाही वहिनी देवघर दाखवायला घेऊन गेली. पण मला ऊठ म्हणायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. आणि मुलीनं सांगितल्याशिवाय उठायचं नसतं. राहिले बसून. कपाट असतं ना खोलीत, तशी.

पडदा हलायचा थांबला आणि मामा इंग्रजीत बोलू लागले.

पहिल्यांदा नुसता गलबला वाटला. अप्पांच्या तोंडचं इंग्रजी आणि हे इंग्रजी यांत जमीनअस्मानाचा फरक. पण मग काय झालं सांगू, जत्रेत अनोळखी गर्दीत एकदम आपल्या गल्लीतलं माणूस दिसावं तसा त्यात एक शब्द दिसला. डोसाइल. माझ्या तोंडात लगेच चाल आली, "डोसाइल म्हणजे गरीब, सांगेल ते ऐकणारा." मामा माझ्याकडे बोट करून बोलत होते. मुलगी डोसाइल आहे. मला गंमत वाटली गं! खरंच. आपला परवच्यातला शब्द असा बाहेर हिंडतो? माणसं तो खरोखर बोलतात?

पुढचा शब्द आला, गलिबल. गलिबल म्हणजे भोळा, सहज फसणारा. मामांनी हात आतल्या दाराकडे केला होता. म्हणजे माझे अप्पा. माझी आई. आत केसरीबात वाढणारी.

गंमत तिथंच थांबली.

मुलाचे वडील हळू आवाजात काहीतरी म्हणाले. त्यातलं "फर्स्ट वाइफ" मला कळलं. तेवढं इंग्रजी कुणालाही कळतं. पहिली बायको. कुणाची? मी मान खाली घालूनच रुमालाकडे पाहिलं. रुमालाच्या घड्या थांबल्या होत्या.

आणि मामा म्हणाले, "ॲबॅन्डन्ड." असे म्हणाले की जसं पेला पालथा घालून ठेवावा. ती ॲबॅन्डन्ड आहे, संपलं. इतक्या लांब इथं कोण डायव्हल्ज करणार? डायव्हल्ज म्हणजे गुप्त गोष्ट फोडणे. लग्न होईपर्यंत कन्सील करा. कन्सील म्हणजे लपवणे. आणखीही एक लांबलचक शब्द बोलले, टी अक्षराचा असावा. आम्ही तिथवर पोचलो नव्हतो, तो नाही कळला.

बाळ, मी हादरले. तू म्हणशील, आपण फसणार म्हणून. नाही. ते नंतर सुचलं. आधी सुचलं ते वेगळंच. हा शब्द मी वर्षानुवर्षं रोज, देवापुढे, हात जोडून म्हणत होते. सगळ्यांत पहिला. सोडणे, टाकणे. आणि त्या टाकण्यात एक बाई होती. केळीचं पान नव्हतं. आमच्याच गल्लीत एक टाकलेली बाई माहेरी राहत होती, सगळे तिला टाकलेलीच म्हणायचे, सणावारी कुणी कुंकू लावायला बोलवायचं नाही. तरीही हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधी शेजारी बसलेच नव्हते. अर्थ पाठ होता ना! पाठ होता म्हणूनच कळला नव्हता.

अप्पा पत्रिका आणि नारळाचं तबक घेऊन बाहेर आले. नारळ! म्हणजे अप्पांनी मनातून होकार ठरवून टाकला होता. पसंत आहे म्हटलं की तो नारळ त्यांच्या हातात जाणार आणि एकदा नारळ गेला की शब्द गेला. आमच्याकडे दिलेला शब्द परत घेत नसत. तोवर मुलाच्या आई येऊन बसल्या. पडद्यामागे आई, वहिनी, अत्ते तिघी उभ्या. मला ओरडावंसं वाटत होतं आणि आवाज कुठून काढतात तेच आठवत नव्हतं. चार मोठ्या माणसांत मुलीनं "अप्पा, थांबा" म्हणायचं? तसं आमच्या घरात कधी कुणी केलंच नव्हतं.

मामांचाच तोंडाळपणा कामी आला. ते हसून म्हणाले, "पसंत आहे हो. पण मुलीचा आवाज ऐकलाच नाही. म्हण बघू काहीतरी. गाणं नको, एखादं स्तोत्र, परवचा, काय येत असेल ते."

पडद्यामागून अत्ते कुजबुजली, "देवीचं म्हण, देवीचं."

मी हात जोडले. डोळे मिटले. आणि आवाज आला, परवच्याचा आवाज, घरभर जाईल असा.

"डोसाइल म्हणजे गरीब, सांगेल ते ऐकणारा. गलिबल म्हणजे भोळा, सहज फसणारा. ॲबॅन्डन म्हणजे सोडणे, टाकणे. डायव्हल्ज म्हणजे गुप्त गोष्ट फोडणे. कन्सील म्हणजे लपवणे."

थांबले. रस्त्यावर फुलवाली "मल्लिगे, मल्लिगे" ओरडत गेली, ती पार टोकाला जाईपर्यंत तिचा आवाज ऐकू आला.

मामा मोठ्यानं हसले. "वा! मुलगी आहे की डिक्शनरी?" पण हसू तोंडावर बसेना त्यांच्या.

अप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी रोज ऐकलेला परवचा तो. ॲबॅन्डनशिवाय त्याची सुरुवात कधी झाली नव्हती, आणि डी आधी नि सी मागून असं तर शक्यच नव्हतं. अप्पा म्हणाले, "ओळ का मोडलीस?"

मी म्हटलं, "अप्पा, आत्ता ज्या ओळीनं कानावर पडले, त्या ओळीनं म्हटले."

तबक त्यांच्या हातातच होतं. ते त्यांनी पाहुण्यांपासून लांब, माझ्या शेजारी सतरंजीवर ठेवलं.

"कुणाला टाकलंय?" अप्पांनी विचारलं. मामांना नाही, मुलाच्या वडिलांना.

मामा उसळले. "ही काय बोलायची रीत झाली? सातवी शिकलेल्या पोरीनं काहीतरी—"

"तुम्ही थांबा स्वल्प," अप्पा म्हणाले. आयुष्यात गिऱ्हाइकाला उलट न बोललेला माणूस! "मी ह्यांना विचारतोय. मुलाचं पहिलं लग्न झालंय का?"

मुलाचे वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "झालंय."

मुलाच्या आईंनी पदर तोंडात घातला. आणि मग तो मुलगा बोलला. सबंध दुपारभरात एकदाच. "ती माहेरी आहे. आजारी-बिजारी काही नाही. घरात आईचं नि तिचं पटलं नाही म्हणून मामांनी पोचवून दिली." असं बोलला की जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय. मग पुन्हा रुमाल.

पोचवून दिली. मला वाटलं, हा एवढा शिकलेला इंजिनीअर, ह्याला तोंड होतं तर! मग तेव्हा कुठं होतं?

आणि नेमकी त्याच वेळी माझी आई, जी "पसंत आहे" ऐकूनच आत वळली होती आणि जिला पुढचं अक्षरही कळलं नव्हतं, पातेलं घेऊन बाहेर आली. "स्वल्प केसरीबात आणखी घ्या ना!"

कुणीही हसलं नाही. आज आठवलं की मी एकटीच हसते.

ते गेले. कायदासुद्धा तेव्हा नुकताच झाला होता म्हणे, एक असताना दुसरी करायची नाही असा. पण आमच्या घरी त्या संध्याकाळी कायदा कुणाला सुचतोय! अत्तेनं कपाळावर हात मारून घेतला. "वाचली हे खरं. पण गावभर होईल. परक्या पुरुषांसमोर इंग्रजी फाडते म्हणतील. हिला आता कोण करणार?" वहिनी म्हणाली, "अत्ते, ती नसती बोलली तर?" अत्ते म्हणाली, "तेच तर. बोलली ते बरं केलं. पण बोलायला नको होतं." हे तिचं वाक्य मी अजून कुठं बसवू शकलेले नाही.

अप्पा मात्र आरामखुर्चीत बसून राहिले. दिवा लागला, परवचा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, शब्द बंद झाले. घरात ज्या वस्तूनं इजा झाली, ती उचलून ठेवतात ना माळ्यावर, तसे.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी हाक मारली. कोश मांडीवर होता. म्हणाले, "मी त्यांना सांगितलं, इंग्रजी येत नाही. मला कसं माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "मलाही माहीत नव्हतं, अप्पा."

ते बघतच राहिले माझ्याकडे. माणसानं आपल्याच घरात नवीन खोली सापडल्यासारखं बघावं तसे. मग म्हणाले, "आता नुसतं म्हणजे-म्हणजे नको. वाक्यात सांग. वाक्यात आला की शब्द कुणाच्या अंगावर पडतो ते कळतं. पहिला घे."

पहिला म्हणजे कुठला ते तुला ठाऊक आहे. मला वाक्य करता येईना. व्याकरण नव्हतं गं माझ्याकडे, नुसते शब्द होते. खूप वेळानं जमलं ते एवढंच, की ती बाई टाकलेली आहे. तेवढं इंग्रजीत म्हटलं आणि मला रडू फुटलं. इतक्या माणसांनी इतकं बोलून त्या दुपारी तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. माझ्यासारखीच तीही कुठंतरी सतरंजीवर मान खाली घालून बसली असेल. तिच्याही वडिलांनी तबक आणलं असेल. तिच्या घरून तो नारळ गेला होता.

पुढचं तुला माहीत आहे. अत्ते म्हणाली तसं गावभर झालंच. आणि अप्पांनीही एक नवीनच खोड लावून घेतली. कुणी मला बघायला आलं की चपला काढायच्या आधीच दारात सांगायचे, "आधीच सांगतो, मुलीला इंग्रजी कळतं." एक-दोघं तर तिथूनच पाणी पिऊन गेले. तुझे आजोबा आले तेव्हा त्यांच्या वडिलांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आम्ही आपसात कानडीत बोलू." अप्पा म्हणाले, "तेही कळतं." तेव्हा ते मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, "मग आत येऊन मराठीतच बोलूया की." त्या हसण्यावर मी हो म्हटलं, मुलाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं अजून.

कोश माझ्याबरोबर सासरी आला. झेडपर्यंत मी एकटीनं संपवला, तुझ्या आईला पाळण्यात घालून झोके देत. अजूनही दिवा लावला की शब्द म्हणते, तू हसतेस ते बघितलंय मी. पण नीट ऐकलं नाहीस कधी. मी दुसऱ्या शब्दापासून सुरू करते. पहिला मी चालीत म्हणत नाही. तो देवापुढे म्हणायचा शब्दच नव्हे, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

म्हणून रागावले हो तुझ्यावर. परीक्षा झाली की विसरायचे म्हणतेस. विसर, पण त्याआधी एकेक शब्द कुणाच्या अंगावर पडतो ते बघून घे. यादीतले तुझे पन्नास शब्द घेऊन ये. मी विचारीन, तू वाक्यं कर, चुकली तर दोघी मिळून सावरू. जे. पी. नगर ते मल्लेश्वरम आता मेट्रो आहे, फार लांब पडत नाही. लवकर ये गं, या रविवारीच ये. केसरीबात करते, पण या खेपेला गरम असताना खायचा. सरी?